वेस्ट एंडला नाटक बघायचंय? मग आधी पबमध्ये जेवा

लंडनला येणारी आपली मंडळी वेस्ट एंडच्या, म्हणजे इथल्या नाट्यगृहांच्या भागातल्या, नाटकाची तिकिटं कित्येक महिने आधी काढतात. त्या संध्याकाळी जेवायचं कुठे, हे मात्र ऐनवेळी ठरतं. मग थिएटरजवळ 'प्री-थिएटर मेन्यू'ची (नाटकाआधीच्या जेवणाची) पाटी दिसेल त्या रेस्टॉरंटमध्ये सगळे शिरतात. माझं मत अगदी ठाम आहे: त्या संध्याकाळी पबमध्ये जेवावं.

पहिलं कारण वेळ. पडदा सातला किंवा साडेसातला वर जातो आणि उशिरा आलेल्यांना लगेच आत सोडतीलच असं नाही. नाटकात योग्य जागा येईपर्यंत बाहेर ताटकळावं लागतं. गेल्या वर्षी कॉव्हेंट गार्डनजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये आमचं जेवण वेळेत झालं, पण बिल काही येईना. आई पर्समधली तिकिटं सारखी चाचपत बसली होती. वर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज! पबमध्ये हा जाच नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, बारवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि पैसे तिथेच चुकते करायचे. ताट संपलं की कोट चढवून सरळ निघायचं.

बारवर रांग दिसत नाही, पण ती असते. आपल्या आधी कोण आलंय हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं, आणि बारमागच्या माणसालाही. नोट हलवायची नाही, हाक मारायची नाही, नुसती नजरानजर पुरते. चुकून तुम्हाला आधी विचारलंच, तर शेजारच्याकडे हात करून 'यांचा नंबर आधी' म्हणावं. मला ही रीत मनापासून आवडते.

आई-वडिलांना, मुलांना घेऊन पबमध्ये कसं जायचं, असं बरेच जण विचारतात. मुंबई-पुण्यातला अंधार आणि कानठळ्या बसवणारं संगीत डोळ्यांसमोर असतं ना! इथे संध्याकाळी आजी-आजोबा, नातवंडं एका टेबलावर जेवताना दिसतात. मुलं सोबत असतील तर दारातच विचारून घ्यावं, कारण प्रत्येक पबचा नियम वेगळा. दारू प्यायलाच हवी असं तर मुळीच नाही, लिंबाचं सरबत मागितलं म्हणून कुणी वळून बघत नाही. पीत असाल तर मात्र बारवरच्या हातपंपाने पिंपातून ओढून देतात ती 'कास्क एल' ही बिअर एकदा घ्याच. ती पिंपातच शेवटपर्यंत मुरत राहते आणि तळघरातल्या 11 ते 13 अंशांवर प्यायची असते. 'बिअर गार नाही' म्हणून परत करू नका. कारखान्यातल्या एकसुरी बिअरपुढे ही टिकावी म्हणून 1971 साली इथल्या लोकांनी 'कॅम्रा' (कॅम्पेन फॉर रिअल एल) ही चळवळ उभी केली, आणि ती आजही चालू आहे.

खायचं काय? बीफ चालत नसेल तर चिकन-मशरूमची पाई घ्या, म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ. सुरी घातली की कडक कवच फुटतं, वाफ येते आणि दाट रस्सा मॅश केलेल्या बटाट्यात उतरतो. पाईला तळ आणि कडा हव्यातच. वाडग्यातल्या रश्श्यावर पफ पेस्ट्रीचं झाकण ठेवून देतात, तिला मी पाई मानत नाही. शाकाहारी पदार्थ आता बहुतेक ठिकाणी मिळतात, पण चिप्स (म्हणजे बटाट्याचे जाड फ्राइज) कशात तळतात ते जरूर विचारा, काही ठिकाणी गोमांसाची चरबी वापरतात.

जागा म्हणाल तर सेंट मार्टिन्स लेनवरचं 'सॉलिसबरी', नक्षीदार काचांचं, नोएल कॉवर्ड थिएटरला अगदी खेटून. किंवा रोझ स्ट्रीटवरचं 'लँब अँड फ्लॅग'. त्याच्या शेजारच्याच बोळात 1679 साली कवी जॉन ड्रायडन यांना भाडोत्री गुंडांनी मारहाण केली होती.

एक खंत आहे. 1991 साली फॅरिंग्डन रोडवरच्या 'ईगल'ने पबमध्ये उत्तम, ताजं जेवण देता येतं हे दाखवून दिलं, त्याचे उपकारच आहेत. पण त्या वाटेने जाता जाता काही पब पूर्ण रेस्टॉरंट होऊन बसलेत. बुकिंगशिवाय टेबल नाही, बारवर ऑर्डर नाही, आणि पुन्हा तीच बिलाची वाट बघणं. असं दिसलं की मी पुढचा पब गाठते.

साडेपाचपर्यंत पोहोचा. सहानंतर ऑफिसं सुटलेली मंडळी ग्लास घेऊन फुटपाथपर्यंत उभी असतात, मग टेबल मिळणं कठीण. आणि मध्यंतराच्या भरवशावर राहू नका. शिवाजी मंदिरला किंवा बालगंधर्वला बटाटावड्यावर भागतं, इथे पंधरा-वीस मिनिटांत आइस्क्रीमचा कप आणि ड्रिंक एवढंच हाती लागतं. नाटक सुटेपर्यंत दहा वाजतात आणि तोवर बऱ्याच पबची स्वयंपाकघरं बंद झालेली असतात.