जहाजं मोडून बांधलेली इंग्लिश शेतघरं? नाही हो!

इंग्लंडच्या फोटोंखाली एक मजकूर हमखास फिरत असतो: तिथली जुनी लाकडी सांगाड्याची शेतघरं मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडातून बांधली, म्हणून तुळया वाकड्या, त्यांत रिकाम्या खाचा, आणि डांबरामुळे सगळं काळं. गोष्ट झकास आहे, पण घरं वेगळंच सांगतात.

आधी वाकडेपणा घेऊ. तिथले सुतार ओक ओलाच वापरत, कारण वाळलेला ओक इतका कठीण होतो की हत्यारांना दाद देत नाही. घर उभं राहिल्यावर लाकूड आकसायचं, पिळवटायचं. म्हणजे वाकलेली तुळई हा उलट पुरावाच झाला. जहाजात कित्येक वर्षं मुरलेलं लाकूड घरात येऊन नव्याने एवढं कशाला पिळवटेल? काही बाक तर मुद्दाम निवडलेले. हेरफर्डशरमधल्या ‘क्रक’ घरांत वाकडं वाढलेलं झाड उभं चिरून दोन जुळे खांब करत आणि ते वर आढ्याशी एकमेकांना भिडवत. तिथून समुद्र कुठच्या कुठे! जवळचा ओक तोडायचा सोडून बंदरावरून अवजड लाकूड ओढत आणायला शेतकरी काही खुळा नव्हता.

रिकाम्या खाचांसाठी केंटमधलं ‘बेलीफ’ बघा. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे शेतघर 1960च्या दशकाअखेरीस जलाशयाच्या कामामुळे सुटं करून ससेक्समधल्या सिंगल्टनच्या संग्रहालयात पुन्हा उभं केलं. असं सुटं करता येतं, कारण सांधे खाच, कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) आणि लाकडी खुंटीचे. अशा घरांचे भाग सुतार आधी जमिनीवर जुळवून बघत, सांध्यांवर रोमन आकडे कोरत, मग जागेवर उभारत. खिडक्यांना काच नसे, उभे लाकडी गज असत. गज किंवा आडभिंत काढली की खाच उरते. कधी जुन्या घराचं, कोठाराचं लाकूडही पुन्हा वापरत. त्याला जहाज लागत नाही.

काळेपणाचं म्हणाल, तर छपराच्या आतली काजळी खरी आहे: धुराडं नव्हतं, दिवाणखान्याच्या मधोमध आग पेटे. बाहेरचा काळा रंग मात्र बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली हौस. त्याआधी ओक बहुधा तसाच रुपेरी-करडा पडू देत, नाहीतर वरून सरसकट चुना. मधल्या चौकटींत काटक्या विणून वर माती, पेंढा, शेण लिंपत. कोकणातल्या कुडाच्या घरात वाढलेल्याला ही भिंत काय समजवायची!

जहाजाच्या लाकडाची खरी बांधकामंही आहेत. हॅम्पशरमधली विकम गावची गिरणी 1820 साली ‘चेसापीक’ या पकडलेल्या अमेरिकी युद्धनौकेच्या लाकडातून उभी राहिली. आणि लंडनचं लिबर्टी दुकान ‘इम्प्रेग्नेबल’ व ‘हिंदुस्तान’ या दोन जहाजांचं. त्या दुकानाची जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांसारखी ‘ट्यूडर’ धाटणी मात्र नक्कल आहे, 1924 सालची.