भरती लोड होत आहे

आमच्या शाळेत इंटरनेट सातवीच्या वर्गातील तिसऱ्या खिडकीत राहते. ही खिडकी दाभोळच्या खाडीकडे उघडते, त्यामुळे डिजिटल शिक्षण देताना मला एक हात गजांतून बाहेर काढून मोबाइल आभाळाला दाखवावा लागतो आणि उरलेल्या हाताने अध्यापन करावे लागते. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले, पाठोपाठ बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, आणि कोड स्कॅन करताच धड्याचा व्हिडिओ समोर उभा राहील अशी सोय झाली. कोकणातील आषाढात तो उभा राहत नाही. पडद्याच्या मध्यभागी एक चकती फिरत राहते.

धडा भरती-ओहोटीचा होता. बाहेर खाडीत पाणी चढत होते, आत भरती अडकली होती आणि सगळा वर्ग टीव्हीकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहत होता.

“बाहेर काय पाहता? इकडे बघा, भरती येते आहे!” मी दटावले.

“सर, आज षष्ठी. पाणी साडेचारला भरेल,” मागच्या बाकावरून उत्तर आले.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि सहाची पाऊणपट साडेचार, हा हिशेब त्या मुलाला आजाने होडीत शिकवला होता. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच लांबते, हे व्हिडिओ सांगणार होता. आजाचा पाऊण तास ४५ मिनिटांचा. पण ज्याला घड्याळाशिवाय होडी लोटायची आहे, त्याच्याशी पाच मिनिटांसाठी कोण वाद घालणार?

अखेर व्हिडिओ चालू झाला आणि त्यात कॅनडातील फंडीचा उपसागर निघाला. तिथे पाणी १६ मीटरपर्यंत चढते, तर आमच्या किनाऱ्यावर दोन-तीन मीटरांत सगळे आटोपते. धक्क्यालगत चिखलात बसलेल्या बोटी पाहून वर्ग चिडीचूप झाला, आणि मग एका मुलीने विचारले, “सर, एवढी ओहोटी असेल तर त्यांचा मासळीचा लिलाव कधी लागतो?” उपसागर आत निमुळता होत जातो आणि त्यातील पाण्याच्या हेलकाव्याची स्वतःची लय भरतीच्या लयीशी जुळते, म्हणून पाणी एवढे चढते, हे खडूने दाखवणे मला जन्मात जमले नसते. खिडकीतून जे दिसते त्यासाठी टीव्ही लावणे हास्यास्पद आहे. पण कॅनडा आमच्या खिडकीतून दिसत नाही, हेही मान्य करायला हवे.

खरी गंमत गृहपाठात झाली. ‘आमच्या गावची भरती-ओहोटी’ यावर दहा ओळी मागितल्या होत्या. उधाण (मोठी भरती) आणि भांग (मंद भरती) हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज असतात, त्या मुलांनी मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारून ‘भरती-ओहोटी ही निसर्गाची अद्भुत किमया आहे’ असे एकमुखाने लिहून आणले. ज्याच्या दारात चिखल आणि कांदळवन आहे, त्याच्या वहीत सोनेरी वाळू पसरली होती. षष्ठीवाल्याने मात्र दोनच ओळी लिहिल्या होत्या: “अष्टमीला भांग असते. तेव्हा पाणी जास्त चढत नाही आणि जास्त उतरतही नाही.” दहापैकी दोन ओळी असल्या तरी मी त्याला पूर्ण गुण दिले.

संध्याकाळी या तासाचा ऑनलाइन अहवाल भरायचा होता. ‘माहितीचा स्रोत’ या रकान्यात व्हिडिओ, संकेतस्थळ आणि ॲप असे तीनच पर्याय होते, आजा नव्हता. मी ‘ॲप’वर खूण केली, कारण लाल तारांकित रकाना रिकामा ठेवल्यास अहवाल पुढे सरकत नाही.