ड्रायव्हर आहे, पण तुम्हाला मिळणार नाही

लॅपटॉपचे पैसे मी मोजले. बिलावर नाव माझं आहे. तरी त्याच लॅपटॉपच्या फिंगरप्रिंटला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजकडून चालवून घेणारी एक फाइल, मागितली की कंपनी म्हणते, नाही. का नाही? उत्तर नाही. चार दिवस झाले, डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसलोय.

बाबांचा मिरजेत छोटा छापखाना आहे. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची कामं एकदम येतात आणि नेमका त्याच आठवड्यात डीटीपीचा, म्हणजे पत्रिकांचा मजकूर जुळवायचा, जुना कॉम्प्युटर गेला. मदरबोर्डच उडाला. धावतपळत नवा लॅपटॉप आणला. तो विंडोज ११ घालूनच आलेला. आमचं सगळं जुनं काम युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या आताच्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांमध्ये आहे. फॉन्टांचं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी यूएसबी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही आणि तो जुना डोंगल ११ ला काही केल्या दिसेना. सॉफ्टवेअर नाही म्हणजे फाइल उघडून उपयोग नाही. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ लिहिलं होतं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं दिसतात. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “दादा, १० वर शंभर टक्के चालेल, ११ चं मला विचारू नका.” बरोबर आहे त्याचं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत चालू होते, म्हणजे मी काही कधीची मेलेली वस्तू मागत नव्हतो. १० टाकायचं ठरवलं.

आता १० वरून ११ वर गेलेल्या माणसाला १० दिवसांच्या आत मागे फिरायची सोय असते. कारखान्यातूनच ११ घेऊन आलेल्या लॅपटॉपला ती नसते. सगळं पुसा आणि कोरं विंडोज टाका, एवढाच रस्ता. रात्री साडेदहाला पेनड्राइव्ह लावला.

पहिली थप्पड तिथेच बसली. इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच नाही. ५१२ जीबीची नवीकोरी एसएसडी आत बसलीय आणि समोर रिकामी यादी! इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे बसवलेली असते. त्याचा ड्रायव्हर १० च्या इन्स्टॉलरमध्ये नसतो. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, व्हीएमडी बंद करता येतं. आमच्या बायोसमध्ये तो पर्यायच दिसत नाही. मग इंटेलच्या साइटवरून आरएसटी नावाचा त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर घ्यायचा, तो एक्झी म्हणजे बांधलेलं गाठोडं म्हणून येतो, म्हणजे दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर तो आधी सोडवायचा, त्यातली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी) असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून दाखवायचा. दुसरा कॉम्प्युटर आणायचा कुठून रात्री बारा वाजता? शेजारच्या मुलाला उठवलं. बिचारा उठला.

डिस्क दिसली, १० बसलं. सुरू झाल्यावर जे दिसलं त्याने पोटात गोळा आला. टचपॅड मेलेला. वायफायचं चिन्हच गायब. आवाज नाही. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होत नाही, कारण ग्राफिक्सच्या जागी विंडोजचा नुसता बेसिक डिस्प्ले. लॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या वायरचं, भोक या लॅपटॉपला दिलेलंच नाही. म्हणजे ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. शेवटी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला देणं, चालू केलं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागला नाही, म्हणून निदान दार तरी उघडलं. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी हेच करा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या भागांच्या विंडोजमधल्या यादीत, पिवळ्या त्रिकोणांची रांग लागली होती. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’. ‘एसएम बस कंट्रोलर’. ‘मल्टीमीडिया ऑडिओ कंट्रोलर’. आणि ‘अननोन डिव्हाइस’ पाच वेळा. प्रत्येकावर कोड २८, म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही. यातलं टचपॅड कुठलं, हे माणसाने ओळखायचं कसं? टचपॅड असं नाव कुठेच नाही! कारण टचपॅड आयटूसी नावाच्या ज्या आतल्या तारेवरून बोलतो त्या तारेचाच ड्रायव्हर नाही, त्याचं नाव सीरियल आयओ. तो बसला की टचपॅड आपोआप जागा होतो. टचपॅडचा ड्रायव्हर शोधत मी दीड तास घालवला, आणि तो हवाच नव्हता. हे एका ओळीत लिहून ठेवायला कंपनीला काय पडतं?

कंपनीच्या पानावर गेलो. सिरियल नंबर टाकला. ऑपरेटिंग सिस्टीमच्या यादीत फक्त विंडोज ११. दुसरं नावच नाही. हेल्पलाइनला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. नीट बोलली, तिचा काही दोष नाही, तिच्यासमोर जे लिहिलंय तेच ती वाचणार.

“सर, तुमचं मॉडेल विंडोज ११ लाच सपोर्ट करतं.”

“मॅडम, मला सपोर्ट नको. फक्त वायफायच्या चिपचं नाव सांगा, मी शोधतो.”

“सर, ती माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही. तुम्ही ११ परत इन्स्टॉल करून घ्या.”

तुमच्या कारखान्यात, तुमच्या माणसांनी, तुमच्या यादीतून निवडून बसवलेली चिप, आणि तिचं नाव तुमच्याकडे उपलब्ध नाही? मग ते कुणाकडे असणार, माझ्या किराणा दुकानदाराकडे?

नाव मीच काढलं. त्रिकोणावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. त्यात ‘व्हेन’ या अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरं असतात, तो चिप बनवणाऱ्याचा नंबर. ८०८६ म्हणजे इंटेल. १०ईसी म्हणजे रिअलटेक. १४सी३ म्हणजे मीडियाटेक. त्यापुढे ‘डेव्ह’ आणि आणखी चार, तो चिपचा स्वतःचा. आमचं वायफाय मीडियाटेकचं निघालं. हा आयडी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग नावाच्या साइटवर टाकला की बरेचदा ड्रायव्हर फुकट आणि खरा मिळतो. हे मला पहाटे तीनला कळलं. त्याआधीचे दोन तास मी सर्चमध्ये वर येणाऱ्या त्या साइटांवर घालवले, जिथे हिरवं ‘डाउनलोड’ बटण दाबलं की ड्रायव्हर येत नाही, ड्रायव्हर शोधणारा प्रोग्राम येतो. तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ‘३७ दोष’ दाखवतो आणि मग कार्डाचा नंबर मागतो. अडलेल्या माणसाच्या खिशात हात घालण्याचा धंदा आहे हा. कंपनी स्वतःची फाइल स्वतःच्या पानावर ठेवत नाही म्हणून यांचं फावतं.

आता खरा संताप ज्याचा झाला ते. याच कंपनीचं दुसरं एक मॉडेल आहे, १० घालून विकलेलं. त्याच्या पानावर गेलो. वायफायचा ड्रायव्हर उतरवला. आयडी जुळवला. तोच! अक्षरन् अक्षर तोच. चिप तीच, फाइल त्यांनीच बनवून ठेवलेली, त्यांच्याच सर्व्हरवर पडलेली. फक्त माझ्या मॉडेलच्या पानावर तिची लिंक द्यायची नाही. बसवला आणि दहा सेकंदांत वायफाय चालू.

ऑडिओचंही तेच. ११ साठी दिलेल्या फाइलची सेटअप चालवली तर ‘ही सिस्टीम चालणार नाही’ म्हणून बंद पडते. पण तीच फाइल सोडवून, डिव्हाइस मॅनेजरमधून आयएनएफचा फोल्डर दाखवला की मुकाट्याने बसते. आयएनएफमध्ये विंडोजच्या कुठल्या बिल्डपासून, म्हणजे आवृत्तीच्या क्रमांकापासून, चालेल ते लिहिलेलं असतं. ११ ची सुरुवात २२००० पासून होते. जिथे २२००० लिहिलेलं आहे तिथे १० वर नाही बसणार, ते मान्य. पण आमच्या फाइलमध्ये तसं काहीच नव्हतं! ड्रायव्हर १० ला चालतो, अडवतं ते वरचं वेष्टन, म्हणजे सेटअप. कुणीतरी बसून ती अडवणूक घातलीय.

आणि जुनं विंडोज पुसण्याआधी पीएनपीयुटिल या विंडोजमधल्याच प्रोग्रामच्या एका आज्ञेने सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ठेवता येतात, त्यातले पुष्कळ १० वर चालून जातात. विकत देताना हे कुणी सांगितलं? दुकानदाराने बॅग दिली, माउस दिला, अँटिव्हायरस गळ्यात मारायला बघितला. हे नाही सांगितलं. कंपनीच्या पानावर सगळं असणार असं मी धरून चाललो होतो. मोठी कंपनी आहे, का नसणार?

बाबा पहाटे पाचला उठून आले. काही बोलले नाहीत, चहा ठेवला. साखरपुड्याच्या दोन आणि लग्नाच्या तीन पत्रिका अडकल्या होत्या. मुहूर्त काही कुणाच्या ड्रायव्हरसाठी थांबत नाही. एक गिऱ्हाईक सांगलीला दुसरीकडे गेलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याच्या मोठ्या मुलीची पत्रिका बाबांनीच छापली होती.

डोंगल आता चालतोय. फॉन्ट उघडतात. आवाज आहे, उजेड कमी-जास्त होतो, टचपॅड चालतो. फिंगरप्रिंटपुढचा पिवळा त्रिकोण मात्र अजून तसाच आहे. त्याचा आयडी मी कंपनीला तीन वेळा मेल केला. तिन्ही वेळा उत्तर आलं, विंडोज ११ परत टाका. चौथा मेल आज सकाळी पाठवलाय. त्यात एकच ओळ लिहिली: मला सल्ला नको, फाइल द्या.