‘गुंतवणुकीची बाराखडी’ पुढे पाठवण्याआधी हे वाचा

‘पहिला पगार झालेल्यांसाठी गुंतवणुकीची बाराखडी’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॅपवर फिरतोय. ऑप्शन, एनएव्ही, एसआयपी, डिव्हिडंड, एफडी अशा शब्दांचे एकेका ओळीत अर्थ, आणि शेवटी डीमॅट (शेअर ठेवायचं) खातं उघडायची लिंक. चाकणला नुकताच नोकरीला लागलेल्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, ऑप्शनमध्ये रिस्क लिमिटेड असते. महिन्याला पाच हजारांनी सुरुवात करतोय.’ एरवी असले मेसेज मी न वाचता पुसतो. पण आता तो घरातल्या पोराच्या पगारापर्यंत पोचलाय, म्हणून लिहितो.

आधी ऑप्शनचंच घेऊ, कारण खरं नुकसान तिथेच आहे. मेसेज म्हणतो: ‘ऑप्शन म्हणजे थोड्या पैशात मोठी गुंतवणूक. तोटा मर्यादित, नफा अमर्याद.’

ऑप्शन म्हणजे एखादी गोष्ट ठरलेल्या भावाने ठरलेल्या मुदतीत घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. ऑप्शन विकत घेणाऱ्याचा तोटा त्याने भरलेल्या प्रीमियमपुरता असतो, एवढं खरं आहे. पण प्रीमियमपुरता म्हणजे किती? सगळाच्या सगळा. समजा निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) २४,००० वर आहे. तुम्ही २४,२०० चा कॉल, म्हणजे त्या भावाने घेण्याचा हक्क, ४० रुपये प्रीमियमने घेतला. लॉट (एका वेळी घ्यावा लागणारा गठ्ठा) ७५ चा धरला तर ३,००० रुपये गेले. आता एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपायच्या दिवशी, निफ्टी २४,१५० वर बंद झाला. बाजार वर जाईल हा तुमचा अंदाज बरोबर आला, निफ्टी १५० अंकांनी चढलासुद्धा, तरी हातात शून्य. निफ्टी २४,२४० च्या वर गेला असता तरच फायद्याची भाषा सुरू झाली असती, आणि तीही ब्रोकरेज, एसटीटी (शेअर बाजारातल्या व्यवहारांवरचा कर), जीएसटी वजा करून. शेअर घेतला आणि पडला तर तो निदान खात्यात राहतो, वाट बघता येते. ऑप्शनला मुदत असते. मुदत संपली की विषय संपला. पुढच्या आठवड्यात पुन्हा ३,०००, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. ‘मर्यादित’ तोटा असा दर आठवड्याला होत राहतो. आणि हे फक्त घेणाऱ्याचं झालं. ऑप्शन विकणाऱ्याचा तोटा भरलेल्या पैशांच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. ते या बाराखडीत कुठेच नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च धरून तोट्यातल्या माणसाने सरासरी २ लाखांच्या आसपास घालवले. खर्च वजा जाता १ लाखाहून जास्त कमावणारे फक्त १ टक्का.

मग हा पैसा गेला कुणाकडे? तेही त्याच अभ्यासात आहे. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने ट्रेड करणाऱ्या ब्रोकर फर्म्सनी खर्चाआधी ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी २८,००० कोटी रुपये कमावले, त्यातला बहुतेक नफा अल्गोने, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमने. म्हणजे कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर बोट फिरवणाऱ्या पोराच्या समोर संगणकांची फौज बसलेली आहे. त्याच वर्षी या बाजारातल्या वैयक्तिक ट्रेडरांत तिशीच्या आतले ४३ टक्के होते. आदल्या वर्षी ३१ टक्के. तीन-चतुर्थांशांहून जास्त जणांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत दाखवलेलं. सलग दोन वर्षं तोटा होऊनही बहुतेक जण खेळतच राहिले. ‘पाच हजारांनी सुरुवात’ कुठे जाते ते यावरून कळावं. याला गुंतवणूक म्हणणं मला मान्य नाही.

बाकीचे मुद्दे भराभर.

‘१० रुपये एनएव्हीचा फंड स्वस्त, २०० चा महाग.’ साफ चूक. एनएव्ही म्हणजे म्युच्युअल फंडाच्या एका युनिटची किंमत. १०,००० रुपयांत एकाचे १,००० युनिट येतील, दुसऱ्याचे ५०. दोन्ही फंडांतले शेअर १० टक्के चढले तर दोन्हीकडे ११,००० च होणार. नव्या फंडाची एनएव्ही १० असते कारण तो तिथून सुरू होतो, एवढंच.

‘एसआयपी म्हणजे दरमहा गॅरंटीड १२ टक्के.’ एसआयपी ही फंडात ठरावीक रक्कम नियमित भरण्याची पद्धत आहे. परतावा फंडाने जे घेतलंय त्यावर ठरतो. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला, तेव्हा इक्विटी (शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या) फंडांतल्या एसआयपीची किंमतही पडली. १२ टक्के हा कॅल्क्युलेटरमध्ये टाकलेला आकडा आहे, कुणी दिलेलं वचन नाही.

‘डिव्हिडंड म्हणजे फुकटचा पैसा.’ म्युच्युअल फंडाची एनएव्ही २५ असताना २ रुपये वाटले की ती २३ होते, वर कर तुमच्या स्लॅबने. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून सेबीने एप्रिल २०२१ पासून या पर्यायाचं नावच बदलून ‘इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल’ करायला लावलं. तुमचंच भांडवल परत येऊ शकतं, हे आता नावातच आहे.

‘एफडी म्हणजे पैसा सडवणं.’ इथे थोडं तथ्य आहे, मान्य करतो. कर कापून आणि महागाई वजा करून एफडीत फारसं उरत नाही. वीस वर्षांनी लागणारा सगळा पैसा तिथे ठेवू नये. पण नोकरी गेली, घरात कुणी आजारी पडलं, तर लागणारा चार-सहा महिन्यांचा खर्च ठेवायला ती चांगली जागा आहे. प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना डीआयसीजीसी या ठेव विमा संस्थेचा विमाही आहे. मेसेजमध्ये पुढे ‘एफडी मोडा आणि ट्रेडिंगला लावा’ असं लिहिलंय. माझ्या बहिणीने या पोराच्या नावावर एक एफडी ठेवली आहे. हे वाक्य वाचूनच मी त्याला फोन लावला.

राहिली ती शेवटची लिंक. त्यात रेफरल कोड आहे. तुम्ही खातं उघडलं की कोडवाल्याचा फायदा, तुम्ही बुडलात तरी. बाराखडी लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा: गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने आणि रिसर्च अॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून बघता येतो. भाच्यालाही मी हेच करायला सांगितलंय.