माणूस कुठे नेला, तेवढं सांगा

आज सकाळी मस्जिद बंदरला उतरून मांडवीत गेले होते. जुन्या मुंबईची ओळख करून देणारी एक फेरी होती, आम्ही वीस-बावीस जण होतो. सुरुवात छान झाली. धान्याची गोदामं, हातगाड्या, सुक्या मिरच्यांचा ठसका. मग एका बोळाच्या तोंडाशी थांबवून माहिती देणाऱ्या मुलाने १८९६ च्या प्लेगची गोष्ट सांगायला घेतली. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबरमध्ये इथेच, मांडवीतच, हा रोग ओळखला. इथवर ठीक. आणि मग तो म्हणाला, "सरकार बिचारं जीव तोडून काम करत होतं, पण लोक अडाणी. रोगी घरात लपवून ठेवायचे." दोन-तीन जण हसले.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. बोलायला तोंड उघडलं तोवर सगळे पुढच्या इमारतीकडे निघालेसुद्धा. म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, वेळ असेल तर वाचा.

माझ्या अण्णांना मे २०२० मध्ये रात्री दहा वाजता चाळीतून नेलं. वय त्र्याहत्तर, ताप, रिपोर्ट पॉझिटिव्ह. पांढऱ्या किटमधली दोन माणसं आली, डोळेसुद्धा नीट दिसत नव्हते. मी घाईघाईने मऊ भात डब्यात भरला. स्टीलचा डबा, झाकणावर अण्णांचं नाव कोरलेलं, गोदीतल्या नोकरीपासूनचा. डबा त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "कुठे नेताय?" एक जण म्हणाला, "फोन येईल." जिन्याला बांबू बांधलेले, त्यातून अण्णा वाकून बाहेर पडले आणि गाडीत बसले.

फोन आला नाही. दोन दिवस आणि तीन रात्री माझे वडील या शहरात कुठे आहेत हे मला माहीत नव्हतं.

आता १८९६ कडे या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पालिकेने हुकूम काढला की रोग्याला घरातून बळाने उचलून इस्पितळात नेता येईल. घरात शिरायचं, कौलं काढायची, जमीन उकरायची, सामान जाळायचं, भिंतींना चुना मारायचा आणि गटारात कार्बोलिक हे जंतुनाशक ओतायचं. दारांवर खुणा. रोग्याला नेलं की घरच्यांना पुढची बातमी बहुतेक वेळा मरणाचीच. लोक काय म्हणायला लागले ठाऊक आहे? आत नेऊन माणसांची मोमियाई, म्हणजे औषधासाठी अंगातलं तेल, काढतात. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं म्हणून राणी चिडली आहे, तिला माणसांची काळजं हवीत. आज हसू येतं ना? मला येत नाही. दुसऱ्या रात्री तीन वाजता मी गॅलरीत उभी राहून जे जे मनात आणलं, ते मोमियाईपेक्षा फार शहाणपणाचं नव्हतं. सांगणारं कुणी नसलं की माणूस स्वतःच गोष्ट रचतो, आणि ती कधीच चांगली नसते.

२९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. मारहाण, मोडतोड झाली. डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, तेव्हाच्याही नाही आणि आत्ताच्याही नाही. पण पालिकेने लगेच पुढे काय केलं ते तो मुलगा सांगत नाही! हुकूम सैल केला. घरात वेगळं ठेवण्याची सोय असेल तर रोग्याला नेणार नाही म्हणाले. म्हणजे ते जमण्यासारखं होतं. आधी का नाही जमलं?

आणि सरकार कुणासाठी धावत होतं, तेही सांगा की. हे बंदर होतं. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, कापूस, धान्य, कातडी. युरोपातले देश मुंबईच्या बोटी आणि मुंबईचा माल अडवायला निघाले होते, व्हेनिसला १८९७ मध्ये त्यासाठी परिषद बसली. तेव्हा इकडे एकदम वेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा. मार्चमध्ये जनरल गॅटेकरची प्लेग कमिटी. म्हणजे साथ आवरायला सेनापती. त्या वर्षी हजची वाट बंद. बोटीवर चढण्याआधी प्रत्येकाची नाडी बघायची, काखेत आणि जांघेत गाठ चाचपायची, बायकांचीसुद्धा. रेल्वेच्या फलाटांवरही तेच. ज्यांच्या घरात परका पुरुष उंबऱ्याच्या आत येत नव्हता, त्यांना चारचौघांत उभं करून हे केलं. आणि त्यांनी मुलीबाळी लपवल्या, तर अडाणी?

मार्च १८९८ मध्ये रिपन रोडला विणकरांच्या वस्तीत एका बारा वर्षांच्या मुलीला बघायला असाच पुरुष डॉक्टर आला. बापाने नाही म्हटलं. त्यावरून दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली. बापाला बाई डॉक्टर हवी होती. एवढंच.

हे सगळं करून साथ थांबली का, तर नाही. रोग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि तेही बरीच वर्षं कुणी मानलं नाही. तोवर कार्बोलिक आणि उकराउकरीने उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात पळत होते. शहरही पळत होतं. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. कोकणातली माणसं मिळेल त्या बोटीने, गलबताने गावाला गेली. तुमच्यातल्या किती जणांचे पणजोबा त्यात असतील!

बरं, मान्य करते. व्हिएगस बरोबर होते. रोग ओळखायला आणि तो बोलून दाखवायला हिंमत लागते, मेट्रो सिनेमासमोरचा त्यांचा पुतळा योग्य माणसाचा आहे. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना ती द्यायच्या आधी १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली, त्यांच्यापुढे मी हात जोडते. रोग्याला वेगळं ठेवणंही गरजेचं होतं. अण्णांनाही नेणं गरजेचं होतं, घरी ठेवले असते तर कदाचित वाचले नसते. नेलं याबद्दल माझी तक्रार नाहीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. अण्णाच. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने स्वतःचा मोबाइल दिला होता. अण्णांच्या फोनची बॅटरी पहिल्याच रात्री संपली होती, चार्जर घरी. पहिलं वाक्य काय, तर "अगं, डबा घेतला गं त्यांनी, परत दिला नाही." मी रडत होते आणि ते डब्याचं सांगत होते. सोळाव्या दिवशी घरी आले, आठ किलोने कमी.

अण्णांनी पस्तीस वर्षं गोदीत टॅली क्लार्कचं काम केलं. घरी आल्यावर चहा घेता घेता म्हणाले, "आमच्याकडे गठ्ठा उतरला की मार्का बघून लिहायचो. कुठल्या बोटीतून आला, कुठल्या शेडमध्ये गेला, कुणी उचलला. एक गठ्ठा इकडचा तिकडे झाला तर साहेब रात्री थांबवून शोधायला लावायचा." एवढंच बोलले आणि बशी पुढे केली.

तेव्हापासून हे माझ्या डोक्यात बसलंय. १८९७ मध्येही त्या बंदरात कापसाच्या प्रत्येक गाठीचा कागद होता.

आता जे लिहितेय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अण्णांना नेलं त्याच आठवड्यात आमच्या माळ्यावरच्या एका वहिनींच्या मिस्टरांना ताप आला. पातळ भिंती, खोकला मला ऐकू येत होता. वहिनी गॅलरीत दिसल्या तेव्हा माझ्याकडे नुसतं बघितलं. आमच्या घरचे ते दोन दिवस त्यांनी पाहिले होते. त्या बँकेत नोकरी करणाऱ्या, शिकल्या-सवरलेल्या बाई. अडाणी नव्हेत. त्यांनी सांगितलं नाही आणि मीही कुणाला कळवलं नाही. पाच दिवसांनी श्वास लागला तेव्हा गाडी बोलावली. ते परत आले नाहीत.

मी कळवायला हवं होतं का? रोज विचार करते. पण कळवून काय सांगणार होते त्यांना, की घाबरू नका? कुठल्या तोंडाने?

प्लेगमध्ये पुढे वेगवेगळ्या समाजांनी आपापली इस्पितळं काढली. भाटियांचं, जैनांचं, खोजांचं, पारशांचं. घरचं माणूस जवळ बसू शकायचं, आपल्या हातचं पाणी पाजता यायचं. तिथे लोक गेले की! तिकडे पुण्यात सावित्रीबाई प्लेग झालेल्या मुलाला स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि १० मार्च १८९७ ला त्याच रोगाने गेल्या. कोण न्यायला आलंय हे त्या पोराच्या घरच्यांना माहीत होतं.

२०२० मध्ये लावला तो कायदा तोच, १८९७ चा. मूळची चार कलमं. चौथं कलम सांगतं की सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल कुणावर दावा करता येणार नाही. असू दे. पाचवं कलम घरच्यांसाठी का नाही? ज्याला नेलं तो कुठे आहे, हे चोवीस तासांत कळवायचं. कागदावर, फोनवर, चाळीच्या फळ्यावर खडूने, कसंही. याला काय खर्च येतो? एका टॅली क्लार्कचा पगार!

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या मुलाचंही वय पंचविशीच्या आतबाहेर, त्याने जे वाचलं ते सांगितलं. त्याचा नंबर आहे माझ्याकडे, उद्या फोन करणार आहे. रागवायला नाही. त्याला म्हणणार आहे, पुढच्या फेरीच्या आधी एकदा घरी ये, अण्णांशी बोल.

परवा अण्णांना रक्त तपासायला खाली कोपऱ्यावर न्यायचंय, पाच मिनिटांचं काम. मी सोबत असणार आहे, तरी आत्ताच बघितलं, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी घालून ठेवलीय. टॅलीच्या वहीतल्यासारखं ठसठशीत अक्षर. नाव, चाळ, माळा, खोली, माझा नंबर.