दर उतरवले की तिजोरी भरते म्हणे!

एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा : आर्थर लाफर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1974 साली नॅपकिनवर वक्ररेषा काढून सिद्ध केलं, की कराचा दर कमी केला की महसूल वाढतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते करून दाखवलं. भारतातही प्राप्तिकराचा सर्वात वरचा दर 97.75 टक्क्यांवरून 30 वर आला आणि तिजोरी भरली.

आधी ‘शोधा’बद्दल. राजवट नवी असते तेव्हा कर हलके आणि वसुली भरघोस, उतरणीला लागली की नेमकं उलट, हे अरब इतिहासकार इब्न खल्दूनने चौदाव्या शतकातच लिहून ठेवलंय. लाफर स्वतःच त्याला श्रेय देतात. आणि ‘सिद्ध केलं’ म्हणजे काय? दर शून्य असला तर महसूल शून्य, शंभर असला तरी जवळपास शून्य, एवढंच ती रेषा सांगते. मधलं शिखर 30 वर आहे की 70 वर, यावर ती गप्प आहे. सगळा वाद तर तिथेच आहे!

रेगन यांच्या काळात वरचा दर 70 वरून 50 आणि पुढे 28 टक्क्यांवर आला, हे खरं. पण 1981 च्या कपातीनंतर तूट एवढी फुगली, की 1982 मध्येच त्यांना काही कर वाढवावे लागले. त्यांच्या आठ वर्षांत अमेरिकेचं कर्ज जवळपास तिप्पट झालं. मजकुरात याचा उल्लेख नाही.

आता आपल्याकडचं. 97.75 हा आकडा खरा आहे : 85 टक्के कर आणि त्यावर 15 टक्के अधिभार. मात्र तो दोन लाखांवरच्या उत्पन्नाला लागू होता, आणि त्या काळी दोन लाख कमावणारे होते किती? असा दर करचुकवेगिरीलाच आमंत्रण देतो, तो 75 पर्यंत आणा, असं सरकारनेच नेमलेल्या वांच्छू समितीने 1971 मध्येच सांगितलं होतं, म्हणजे त्या नॅपकिनच्या तीन वर्षं आधी. तिथून खाली येणं शहाणपणाचंच होतं, त्यावर माझा आक्षेप नाही.

पण 97 वरून 77 वर येणं वेगळं आणि 40 वरून 30 वर येणं वेगळं. ही दुसरी कपात तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांच्या 1997 च्या ‘ड्रीम बजेट’मधली. त्या वर्षी प्राप्तिकराची वसुली वाढली नाही. सुमारे 18,200 कोटींवरून 17,100 कोटींवर घसरली. नंतर ती वाढली, पण दराबरोबर आणखीही बरंच बदललं होतं. त्याच बजेटने फोन, मोटार, घर, परदेशवारी अशा खुणांवरून लोकांना विवरणपत्र भरायला लावलं. पुढे पॅन आणि टीडीएसचं जाळं घट्ट झालं, पगार वाढले. हे सगळं श्रेय एकट्या दराच्या खात्यात कसं टाकणार?

सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला (सवलती सोडणाऱ्यांसाठी). 2018-19 मध्ये 6.63 लाख कोटी असलेली वसुली 2019-20 मध्ये 5.57 लाख कोटींवर आली. ‘तेव्हा मंदी होती’ असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. मग 1997 नंतरच्या वाढीत तेजीचा वाटा किती, तेही मोजा.