पहिला सूर आणि आदराचा शब्द

रविवारी सकाळी सव्वासातला सरांनी ग्रुपवर क्लू टाकला: "पहिला सूर आणि आदराचा शब्द, पण खाताना नाकातून धार (३)". झालं, माझा आठवडा गेला.

हे पेपरातलं साधं शब्दकोडं नाही, हे क्रिप्टिक; कंसातला आकडा म्हणजे उत्तरात किती अक्षरं ते. त्यात "सूर्य, चार अक्षरी" असं असतं, आपण दिनकर लिहायचं, मग खोडून दिवाकर, मग प्रभाकर, कागदाला भोक पडलं की चहा प्यायचा. क्रिप्टिकमधे वाक्य एक सांगतं आणि त्याच्या पोटात भलतंच असतं. एका टोकाला शब्दाचा अर्थ, उरलेल्या भागात तो शब्द बनवायची रेसिपी, आणि दोन्हीच्या मधे शिवण कुठे आहे ते दिसू द्यायचं नाही, हीच सगळी हरामखोरी. उदाहरणार्थ काकूंचा गाजलेला क्लू: "पूर ना ग? गोंधळलेलं शहर (४)". पू-र-ना-ग ही अक्षरं गोंधळली, म्हणजे विस्कटली, की नागपूर. काकूंनी तो टाकला तेव्हा सगळे वा वा करून राहिले होते, फक्त बँकवाले भाऊ "उत्तर आलं" एवढंच लिहून गप्प बसले, कारण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा त्यांच्या तळमजल्यावर फ्रिज तरंगला होता. क्लू बिनचूक असला तरी टायमिंग असतं ना काही.

तर आमचा ग्रुप असा: रिटायर्ड सर, जे रोज इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक पेनानं सोडवतात (पेनानं!), काकू, बँकवाले भाऊ, एक इंजिनिअरिंगचा पोट्टा, आणि मी. रविवारी आठ वाजता धरमपेठेत पोह्याच्या ठेल्यावर भेटायचं, आठवड्याच्या क्लूवर भांडायचं, ज्याचा पोपट झाला त्यानं पैसे द्यायचे. माझे पैसे सहसा सुट्टेच असतात, सवय आहे.

पहिला सूर म्हणजे सा. हे मला तीन सेकंदात आलं आणि मी भलताच खूश झालो. आता आदराचा शब्द. राव. साराव? पंत. सापंत? साहेब लावलं तर सासाहेब, हे तर तोतरं झालं. श्रीमान, महाशय, आदरणीय, सगळं लावून पाहिलं. शिवाय अर्थ काय तर "खाताना नाकातून धार", म्हणजे काय सर्दीचं औषध? सोमवारी रात्री कूलरसमोर उघडा बसून मी सापंत सापंत करत होतो तर बायको आतून म्हणाली, "काय पुटपुटून राहिले जी मघापासून?"

म्हटलं, "आदराचा शब्द शोधून राहिलो."

"मिळाला की सांगा, आपल्या घरात कामी येईल," म्हणाली आणि लाईट बंद केला.

मंगळवारी मी सरांना पर्सनलवर मेसेज केला की एखादी हिंट द्या. सरांनी उत्तरात इतिहास पाठवला. म्हणे १९१३ च्या २१ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या एका पेपरात आर्थर विन नावाच्या माणसानं पहिलं शब्दकोडं छापलं, ते सरळमार्गी होतं, ते पुढे इंग्लंडात गेलं आणि वाकडं झालं. १९२६ पासून तिथल्या ऑब्झर्व्हर नावाच्या पेपरात कोडी घालणाऱ्यानं स्वतःचं नावच टॉर्केमाडा ठेवलं होतं, म्हणजे स्पेनमधे धर्माच्या नावाखाली लोकांचा छळ करणारा तो पंधराव्या शतकातला बुवा. त्याच्यानंतरच्यानं झिमेनेझ घेतलं, तोही त्याच खात्यातला. म्हणजे हे लोक स्वतःच कबूल करून राहिले की आमचा धंदा छळाचा आहे. मेसेजच्या शेवटी सरांचा हात जोडलेला इमोजी. हिंट शून्य.

आता बुधवार. ऑफिसातल्या एकाची बदली झाली म्हणून दुपारी पार्टी, कुठे तर सावजीत. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, डोक्याला दुपट्टा गुंडाळून आम्ही सहा जण आत, आणि समोर ते काळंभोर मटण, वरती बोटभर तेल. दुसऱ्या घासाला कान वाजायला लागले. तिसऱ्या घासाला नाकातून जी धार लागली ती मी एका हातानं पुसतोय, दुसऱ्या हातानं पोळी मोडतोय, आणि मोबाईल ग्लासाला टेकवून क्लू वाचतोय. "पण खाताना नाकातून धार". डोळ्यातून पाणी. शेजारचा म्हणाला, "काऊन बे, रडून राहिला का? बदली त्याची झाली, तुझी नाही."

म्हटलं, "नाही बे, आदराचा शब्द सापडून नाही राहिला."

तो म्हणाला, "थोडा भात घे जी." चिडवायला म्हणाला होता, पण म्हणाला. आणि त्याच्या डोक्यामागे भिंतीवर, हातभर उंचीच्या लाल अक्षरात, त्या दुकानाचं नाव.

मला काहीही सुचलं नाही. मी भात घेतला.

शनिवारी रात्री पोट्ट्यानं उत्तर टाकलं: "सा + व + जी. सोप्पं होतं." त्यातलं "सोप्पं" मला जास्त लागलं. पहिला सूर सा, आणि म्हणजे व, आदराचा शब्द जी. मी राव आणि पंत धुंडाळत पुण्याकडे गेलो होतो आणि घरात पंधरा वर्षं रोज ऐकू येणारा जी मला दिसला नाही. खरी चीड मात्र त्या "आणि"ची. तो मी हिशोबातच धरला नव्हता, मला वाटलं नुसता सांधा आहे, गरीब बिचारा, त्याच्याकडे कोण पाहतं.

रविवारी मी ठेल्यावर पोचल्या पोचल्या बोंब मारली की "आणि" हा जोडणारा शब्द आहे, त्याला माल म्हणून वापरणं चीटिंग आहे. सरांनी शांतपणे लिंबू पिळलं आणि म्हणाले, "अफ्रीट नावानं कोडी घालणाऱ्यानं १९४९ मधेच नियम लिहून ठेवलाय बाळा. मी जे म्हणतो तेच मला म्हणायचं असेल असं नाही, पण मला जे म्हणायचंय ते मी म्हटलेलं पाहिजे. मी म्हटलंय. तू ऐकलं नाही." बरं, मग नाकातून धार ही काय व्याख्या झाली का, असं मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "नाकाला विचार ना तुझ्या, बुधवारी दुपारी कुठे होतं ते." ऑफिसच्या पार्टीचा फोटो मीच स्टेटसला ठेवला होता.

पैसे देणं आलंच होतं, म्हणून मी सूड म्हणून रात्री जागून बनवलेला स्वतःचा क्लू काढला. माझा पहिलाच. कागदावर लिहून आणला होता: "असं असूनही पोह्यांवर होडी (२)".

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. हा आनंद काय असतो ते सांगता येत नाही, समोर चार हुशार माणसं पोहे हातात धरून थांबली आहेत आणि कारण तुम्ही आहात. मग सर म्हणाले, "तरी." असं असूनही म्हणजे तरी, पोह्यांवर ओततात ती तरी, आणि होडीलाही संस्कृतात तरी म्हणतात. तीन अर्थ, एक शब्द, एक अक्षर फालतू नाही. भाऊंनी चक्क मान डोलावली.

"चूक आहे," काकू म्हणाल्या.

"कुठे चूक?"

"पोह्यांवरची तर्री असते. रफार कुठे गेला?"

मी म्हटलं, काकू, मोजून पाहा, तरी पण दोन अक्षरी आणि तर्री पण दोन अक्षरी, जोडाक्षर आपण एकच धरतो. त्या म्हणाल्या, मोजणीत बसतं रे, पण मग तर्रीत बसून नदी ओलांडून दाखव. पोट्टा म्हणाला, पुण्यामुंबईकडे तरीच म्हणतात, मिसळीवरची. यावर भाऊ, ज्यांनी आत्ताच मान डोलावली होती, ते म्हणाले, "मग पुण्यात जाऊन घाल ना क्लू. आपल्याकडे तरी कोण म्हणतं?" सरांनी मतं घेतली. तीन विरुद्ध एक, पोट्टा तटस्थ, कारण त्याला दुसरी प्लेट मागवायची होती आणि पैसे माझे होते.

मी ठरवलं की हे इथेच, आत्ता सिद्ध करायचं. प्लेट पुढे केली आणि ठेलेवाल्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत म्हटलं, "भाऊ, थोडी तरी टाका."

त्यानं डाव हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"थोडी तरी काय टाकू? शेव?"